शब्दांनी उभे राहणारे दुकान आणि आपला तागा

संगणकाला चार वाक्ये लिहून द्यायची आणि त्याने आपल्यासमोर एक आख्खे जग उभे करायचे, ही गोष्ट आता किस्से-कहाण्यांतली राहिलेली नाही. हे चित्र नव्हे आणि सिनेमाही नव्हे. या जगात आपण बटण दाबून पुढे चालू शकतो, उजवीकडे वळू शकतो, गल्लीत शिरू शकतो, मागे फिरून आलेली वाट पाहू शकतो. आमच्या व्यापारी बांधवांपैकी बहुतेकांनी हा पोरांचा खेळ समजून बाजूला टाकला आहे. आमचे मत निराळे आहे. जो धंदा माल दाखवूनच चालतो त्याचा या गोष्टीशी सरळ संबंध आहे, आणि अशा धंद्यांत कापडाचा नंबर पहिला लागतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. गूगलच्या डीपमाइंड या संस्थेने २०२४ च्या सुरुवातीला ‘जिनी’ नावाची प्रणाली जाहीर केली. (नावात आपला जिन्नच आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.) तेव्हा तिच्यातून निघणारे जग सपाट होते, जुन्या व्हिडिओ गेमसारखे एका बाजूने दिसणारे. डिसेंबर २०२४ मध्ये दुसरी आवृत्ती आली. ती एका चित्रावरून लांबी-रुंदी-खोली असलेले जग बनवी, पण ते फार तर मिनिटभर टिके. ऑगस्ट २०२५ मध्ये तिसरी आवृत्ती जाहीर झाली. तिला नुसते लेखी वर्णन पुरते, ती सेकंदाला २४ चित्रे तयार करते आणि तिचे जग काही मिनिटे शाबूत राहते. चालता चालता ‘आता पाऊस पडू दे’ असे लिहिले तर त्या जगात पाऊस पडतो. जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेतील सर्वांत महाग वर्गणी भरणाऱ्या प्रौढ ग्राहकांना ती वापरायला मिळाली, आणि तीही एका वेळी ६० सेकंदांपुरती.

दुसरी संस्था आहे वर्ल्ड लॅब्स. तिच्या संस्थापकांत फेई-फेई ली या बाई आहेत. चीनमधून किशोरवयात अमेरिकेत आलेल्या या मुलीच्या आईवडिलांनी न्यू जर्सीत कपडे धुण्या-इस्त्रीचे, म्हणजे ड्रायक्लीनिंगचे दुकान चालवले, आणि प्रिन्स्टन विद्यापीठात शिकत असतानाही ती सुट्टीच्या दिवशी त्या दुकानाचे काम पाहत असे. पुढे २००९ साली त्यांनी ‘इमेजनेट’ नावाचा चित्रांचा प्रचंड साठा लोकांपुढे ठेवला, ज्यावर आजच्या यंत्रांची नजर तयार झाली. कापडाच्या दुकानातून निघालेली ही कहाणी आमच्या मुलींना जरूर सांगावी. तर या बाईंच्या संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘मार्बल’ नावाचे साधन बाजारात आणले. त्याला वर्णन द्या, छायाचित्र द्या, छोटी फिल्म द्या; ते त्यावरून फिरता येण्याजोगी जागा तयार करते.

या दोन्हींत फरक आहे आणि तो व्यापाऱ्याने समजून घेतला पाहिजे. जिनीचे काम मागासारखे चालते. आपण चालू लागतो तसे ती पुढचे चित्र विणते. मागची काही चित्रे आणि आपण दाबलेले बटण, एवढ्यावरून पुढचे. जणू बाण्याचा एकेक धागा टाकत जाणारा माग. आमचा साधा यंत्रमाग मिनिटाला शे-दीडशे धागे टाकतो, ही बया सेकंदाला २४ टाकते, म्हणजे मिनिटाला १,४४०. पण मागावरून उतरलेले कापड बीमवर गुंडाळले जाते, ते उद्याही असते. जिनीचे विणलेले तसे राहत नाही. तिची आठवण साधारण मिनिटभराची. मार्बलचे उलट आहे. तिथे जग एकदा तयार झाले की ते फाइल म्हणून उतरवून घेता येते, म्हणजे घडी करून ठेवलेला तागाच. तो दुसऱ्याला पाठवता येतो, दुरुस्त करता येतो. बाजारात आले तेव्हाच्या दरपत्रकात मोफत आणि २० डॉलर महिन्याच्या योजनाही होत्या, परंतु तयार केलेली जागा धंद्यासाठी वापरण्याचा हक्क ३५ डॉलर महिन्याच्या योजनेपासून पुढे मिळत होता. मोफत मिळते म्हणून भाच्याकडून दुकान बनवून घेणाऱ्यांनी अशा अटी आधी वाचाव्यात. सुताच्या पावतीमागची अटींची बारीक छपाई आपण वाचत नाही ती सवय इथे महागात पडेल.

आता आमच्या लोकांना यात बिचकण्याचे काही कारण आहे का? आम्हाला तर वाटते, ही गोष्ट आमच्या घरच्याच दोन जुन्या हुनरांची नात आहे.

एक हुनर मागाचा. फ्रान्समधील लिऑन शहरात १८०४ साली जोसेफ मारी जॅकार्ड यांनी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला. भोक असेल तिथे धागा उचलायचा, नसेल तिथे दाबून ठेवायचा. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची युक्ती घेतली, आणि जॅकार्डचे रेशमात विणलेले चित्र ते आपल्या घरी पाहुण्यांना दाखवीत; त्या एका चित्राला सुमारे २४ हजार पुठ्ठे लागले होते. संगणकाच्या घराण्यात विणकर हा असा आजोबा आहे. आणि जॅकार्डच्याही अगोदर आपल्याकडे बनारसचे नक्शबंद हेच काम धाग्यांच्या गाठींनी करीत होते. कागदावरचा नक्षा ते धाग्यांत बांधत आणि तो बांधलेला नक्षा मागावर चढवीत. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर बसलेल्या कारीगराने संगणकाला परका मानू नये, ही आमची पहिली विनंती.

दुसरा हुनर जबानीचा. लखनऊच्या नवल किशोर प्रेसने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे खंड छापायला सुरुवात केली. त्याआधी हे तिलिस्म दास्तानगो लोक तोंडी उभे करीत. नुसत्या शब्दांवर किल्ले, बागा, जादूची शहरे उभी राहत आणि ऐकणारे रात्रभर त्यांत फिरत. दिल्लीचे शेवटचे दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले आणि तो फन बराच काळ झोपी गेला. आम्ही उर्दू शाळेत शिकलो तेव्हा मौलवीसाहेब निबंधात ‘मंजरनिगारी’ करायला लावत: बाजाराचे असे वर्णन करा की वाचणाऱ्याला दिसला पाहिजे. त्या वेळी कुणाला वाटले नसेल की या कामाला एक दिवस बाजारभाव येईल. आज संगणकाला द्यायच्या ज्या हुकमाला प्रॉम्प्ट म्हणतात, तो मंजरनिगारीचाच निबंध आहे. प्रकाश कुठून येतो, फरशी कसली आहे, छत किती उंच, दुकानात गर्दी आहे की दुपारची शांतता. जो हे नेमके सांगेल त्याचे जग नेमके उभे राहील. भाषा कमावलेल्या मुलाला यात पुढे जाण्याची संधी आहे, मग तो उर्दू शाळेचा असो की मराठी.

पण इथेच पहिली अडचण येते, आणि ती छोटी नाही.

आपण कारीगराला फर्माईश देतो तेव्हा सर्व काही सांगत नाही. ‘कैरीची बुट्टी, जरा भरीव, काठ रुंद’ एवढेच म्हणतो. कारीगर दोन दिवसांनी येऊन विचारतो: शेठ, कैरीचे तोंड डावीकडे की उजवीकडे? कोनिया द्यायची की नाही? जरी किती? जिथे आपली फर्माईश गप्प आहे तिथे कारीगर थांबून विचारतो. हे यंत्र थांबत नाही. आपण जे सांगितले नाही ते ते आपल्या मनाने भरते, आणि त्याचे मन म्हणजे त्याने पाहिलेल्या चित्रांची आणि फिल्मांची सरासरी. २०२३ मध्ये ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या पत्राने एका चित्र बनवणाऱ्या यंत्राला ‘भारतीय माणूस’ काढायला सांगून पाहिले, तर बहुतेक वेळा दाढीवाला म्हातारा निघाला. अशा नजरेच्या यंत्राला ‘मुसलमानांचा कापडबाजार’ एवढेच सांगाल तर ते तुम्हाला उंट, कंदील आणि बगदादचे घुमट देण्याचा धोका आहे. आपला मंगलदास मार्केटचा अरुंद बोळ, ट्यूबलाइट, गादीवर पांढरी चादर, हमालाच्या डोक्यावरची गाठ आणि भिंतीवरचे कॅलेंडर त्याला आपणहून सुचेलच असे नाही. ते सांगावे लागेल, एकेक करून. ज्याला आपला बाजार माहीत आहे त्यानेच हे सांगितले पाहिजे. परगावच्या एजन्सीला काम दिले तर ती आपल्यालाच आपल्या दुकानात परदेशी पाहुणा करून ठेवील.

दुकानाच्या पाटीचीही तीच गत. डीपमाइंडने स्वतःच सांगितले आहे की जिनीच्या तिसऱ्या आवृत्तीत अक्षरे नीट येण्यासाठी बहुधा ती मजकुरात आधी लिहून द्यावी लागतात, आणि खऱ्या जागा हुबेहूब दाखवण्याची तिची तयारी नाही. हाजी साहेबांच्या मुलांना हे मुद्दाम सांगतो. वडिलांना हज दाखवायचा म्हणून कुणी अशा यंत्राकडून हरम शरीफ बनवून घेईल, पण त्यातले दरवाजे आणि रस्ते खरे असतीलच असे नाही, आणि म्हातारा माणूस ते पाठ करून गेला तर तिथे हरवेल. (२०२२ मध्ये तुर्कस्तानच्या दियानत या धार्मिक खात्याने, आभासी काबा पाहणे म्हणजे हज होत नाही, असे स्पष्ट केले होते. हे सांगावे लागले याचेच आम्हाला नवल वाटले.)

आता मुख्य मुद्दा: मालाचा.

गेल्या हंगामात परगावच्या एका पेढीने आमच्याकडे मोबाइलवर दुपट्ट्याची चित्रे पाठवली. सोबत एक फिरते दालन. त्यात तो दुपट्टा टांगलेला, वाऱ्यावर हलणारा, उन्हात जरी चमकणारी. मागणी अशी की हाच माल, याच भावात, अमुक तारखेपर्यंत. आम्ही ते चित्र मोठे करून आमच्या डिझाइन काढणाऱ्या मुलाला दाखवले. त्याने पाच मिनिटांत सांगितले, चाचा, याला रिपीटच नाही. एक बुट्टी दुसरीसारखी नाही, जाल डावीकडून सुरू होतो तो उजवीकडे पोचेपर्यंत वेगळाच होतो, काठ एका ठिकाणी चक्क पदरात विरघळून गेला आहे. ते कापड कुठल्याच मागावर विणण्याजोगे नव्हते. कधी विणले गेलेच नव्हते. आम्ही नकार कळवला. पेढीने नंतर ते कुठूनसे डिजिटल छपाईवर काढून घेतले, आणि छापलेल्या जरीला जरी म्हणून विकले.

यात दोघांचे नुकसान झाले. गिऱ्हाईकाचे तर झालेच. पण विणकराचेही झाले, कारण जे मागावर निघत नाही ते छपाईकडे जाते, आणि चित्रावरून मागणी ठरू लागली तर मागाला काम उरणार नाही. आम्ही या साधनाच्या बाजूचे असूनही ही धास्ती लपवीत नाही.

तिजारतीच्या बाबतीत आमच्या बुजुर्गांनी याचा विचार करून ठेवला आहे. मदीनेच्या बाजारातील तो प्रसंग सर्वांना माहीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली. विकणारा म्हणाला, पाऊस लागला. तेव्हा आपण (स.) त्याला विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, आणि धोका देणाऱ्याशी आपला संबंध तोडला. त्या ढिगात निदान वरचे धान्य तरी खरे होते. इथे वरचा थरही नाही, खालचाही नाही.

हनफी फिकहमध्ये ‘खियार-ए-रुयत’ नावाचा हक्क आहे. न पाहता घेतलेला माल प्रत्यक्ष पाहिल्यावर नको वाटला तर गिऱ्हाईक सौदा मोडू शकते. बाराव्या शतकातील बुरहानुद्दीन मरगीनानी यांच्या ‘हिदाया’त यावर चर्चा आहे आणि तीत कापडाचा खास विचार आहे: घडी केलेल्या कापडाची वरची बाजू पाहिली म्हणजे पाहिले असे धरावे, पण जर नक्षी घडीच्या आत असेल आणि माल त्या नक्षीसाठीच घेतला जात असेल तर नक्षी पाहिल्याशिवाय पाहिले असे होत नाही. आणि अंध गिऱ्हाईकाबद्दल म्हटले आहे की ज्या वस्तूची पारख हाताने होते तिला हात लावणे हेच त्याचे पाहणे. आम्ही मुफ्ती नाही, फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु एक कापडवाला म्हणून आम्हाला यातून इतके समजते की कापडाचे पाहणे डोळ्याने पुरे होत नाही, त्याला अंगठा आणि दोन बोटे लागतात. संगणकाच्या जगात हिंडून आलेल्या गिऱ्हाईकाने माल पाहिला असे आम्ही धरणार नाही, आणि त्याने माल परत केला तर तोंड वाकडे करण्याचा हक्क आम्हाला नाही. उलेमांनी यावर सविस्तर मार्गदर्शन करावे. सजीवांच्या चित्रांचा प्रश्नही त्यांचाच.

म्हणून आमची सूचना अशी आहे की दुकान हवेतले असले तरी तागा जमिनीवरचा असावा. दालन, कमानी, अंगण, उजेड खुशाल शब्दांनी बनवा. पण टांगलेले कापड आपल्या गोदामातले, दिवसाच्या उजेडात काढलेल्या छायाचित्रातले असू द्या. शेजारी सुताचा काउंट, इंचातले धागे, पन्हा, वजन आणि विणलेले की छापलेले हे लिहा. आणि मागणाऱ्याला टपालाने वीतभर तुकडा पाठवा. मोठ्या प्रदर्शनात ठेला घेण्याची ऐपत नसलेल्या मालेगावच्या किंवा सोलापूरच्या छोट्या कारखानदाराला हा मार्ग परवडणारा आहे; त्याचा माल दुबईच्या किंवा डर्बनच्या गिऱ्हाईकाला निदान दालनात टांगलेला दिसेल. पुढचे काम तुकडा करील.

शेवटी मालकीचा प्रश्न, ज्याकडे आमच्या लोकांचे नेहमीच दुर्लक्ष होते. काश्मीरच्या शालीवरची कैरी एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या पेस्ली गावातील विणकरांनी उचलली, जॅकार्डच्या मागावर स्वस्तात काढली, आणि आज साऱ्या जगात त्या कैरीला पेस्ली म्हणतात. माल गेला आणि नावही गेले. आताच्या यंत्रांनी इंटरनेटवरचे लाखो नमुने पाहून घेतले आहेत, कुणाला न विचारता. त्यांना पेस्ली ठाऊक आहे. कैरी, जंगला, कोनिया, शिकारगाह, पैठणीची असावली आणि बांगडी-मोर हे शब्द त्यांना किती कळतात ते तुम्ही स्वतः लिहून पाहा.

कायदा काय म्हणतो? अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटले की नुसता प्रॉम्प्ट लिहिल्याने त्यातून निघालेल्या चित्राचे लेखकपण मिळत नाही. म्हणजे निव्वळ शब्दांनी काढून घेतलेले डिझाइन शेजाऱ्याने उचलले तर तिथे तक्रार करणे अवघड आहे. आपल्याकडे कापडाच्या नक्षीला डिझाइन्स कायदा, २००० लागू होतो. नोंदणी केली तर १० वर्षे हक्क मिळतो आणि आणखी ५ वर्षे वाढवता येतो. नोंदणी केली नाही आणि त्या नक्षीचा माल मागावर ५० पेक्षा जास्त वेळा काढला, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे कॉपीराइटही संपतो. पन्नास नग म्हणजे आपल्या धंद्यात एक दिवसाचेही काम नव्हे. आणखी एक. नोंदणीसाठी नक्षी नवी असावी लागते, ती अर्जाच्या आधी भारतात किंवा बाहेर कुठेही जाहीर झालेली चालत नाही. फिरत्या दालनात नवा नमुना टांगून त्याचा दुवा शंभर जणांना पाठवला, म्हणजे तो जाहीर झाला. तेव्हा अर्ज आधी आणि दालन नंतर. डिझाइनचे मुख्य कार्यालय कोलकात्यात असले तरी अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयातही देता येतो आणि घरबसल्या संगणकावरूनही.

ज्यांच्या घरी सत्तरीचे कारीगर आहेत त्यांनी या रमजानपूर्वी एक वही घालावी. एका पानावर नक्षीचा फोटो, खाली तिचे नाव, ती कुठल्या मागावर निघते, काठ कोणता, जोड कुठे येतो. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, दोन्हींत लिहिले तर उत्तम. प्रॉम्प्ट लिहिणाऱ्या मुलालाही ती लागेल आणि नोंदणीचा अर्ज भरणाऱ्या वकिलालाही.